कॉन्झर्व्हेशन म्हटलं की वाघच: परदेशी शिक्षणाच्या एका कन्सल्टन्सीचा अनुभव

पाचपैकी अडीच तारे. त्यातले दोन कागदपत्रांच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंचे आणि अर्धा वेटिंग हॉलमधल्या सोफ्याचा. सोफ्याला तारा का, ते पुढे येईलच.

ऑफिसचं नाव लिहीत नाही. माझं काम शेवटी झालं, हे एक कारण. दुसरं म्हणजे मी अशा तीन ठिकाणी चौकशी केली आणि तिन्हीकडे भिंतीवरचे झेंडेसुद्धा जवळपास त्याच क्रमाने लावलेले होते. त्यामुळे मी जे लिहितेय ते बऱ्याच ऑफिसांना लागू पडेल, असा माझा अंदाज आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतःशी ताडून बघता येईल. २०२४च्या जानेवारीत मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा माझं वय ३६ होतं. रसायनशास्त्रात बीएस्सी, त्यानंतर ग्रंथालयशास्त्र, आणि मग अकरा वर्षं एका ग्रंथालयाच्या जुन्या दस्तऐवजांच्या विभागात नोकरी. मला जुन्या कागदाची दुरुस्ती शिकायची होती. बाइंडिंग नव्हे, स्कॅनिंग नव्हे. फाटलेला, कुजलेला, शाईने खाल्लेला कागद पुन्हा हातात धरण्याजोगा करणं. या विषयाला इंग्रजीत कॉन्झर्व्हेशन म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

रिसेप्शनवर दोन पानी फॉर्म भरायला दिला. नाव, फोन, वय, शेवटची परीक्षा, टक्के, बजेट, पसंतीचे तीन देश क्रमाने, कोणत्या महिन्यात जायचंय. ‘का जायचंय’ असा रकाना त्यात कुठेच नव्हता. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही. देशांच्या तीन रेघा मी कोऱ्या सोडल्या, तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, ‘मॅडम, एक तरी टाका, नाहीतर सिस्टीम पुढे जात नाही.’ मी पहिला सुचला तो टाकला.

काउन्सेलर माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. बोलणं गोड, हात कीबोर्डवर.

‘बोला मॅडम, कुठला देश डोक्यात आहे?’

‘देश नाही, विषय आहे.’

‘विषय काय, बघू की लगेच.’ त्याने कॉन्झर्व्हेशन टाइप केलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. वन्यजीव संवर्धन, सागरी जीवशास्त्र, वनव्यवस्थापन. एका ओळीशेजारी वाघाचं चित्रही होतं. ‘हे, वाघांचं वगैरे?’

‘वाघांचं नाही हो, कागदांचं.’

तो थोडा थांबला. ‘म्हणजे कागद कमी वापरायचा, झाडं वाचवायची, तसं का?’

मी पाच मिनिटं समजावून सांगितलं. त्याने मनापासून ऐकलं, हे कबूल करते. मग पुढे झुकून, खासगीतलं सांगतात तशा आवाजात म्हणाला, ‘मॅडम, खरं सांगू? तुमचा लायब्ररीचा बॅकग्राउंड आहे ना, डेटा अ‍ॅनालिटिक्स करा. शेवटी तोही डेटाच.’

त्या दिवशी मी चिडून घरी आले. नंतर शोध घेतला तेव्हा कळलं की यात त्या मुलाचा फारसा दोष नव्हता. विद्यार्थ्याकडून एक पैसाही न घेता ही ऑफिसं चालतात ती विद्यापीठांच्या कमिशनवर. विद्यार्थ्याने प्रवेश घेऊन फी भरली की तिच्यातला ठरलेला हिस्सा एजंटाकडे येतो. काउन्सेलरच्या स्क्रीनवर येतात ते कोर्स त्या करारांतून आलेले असतात, जगातले सगळे कोर्स तिथे नसतात. हे काही चोरूनमारून चालत नाही. अमेरिकेत सरकारी विद्यार्थी-मदत घेणाऱ्या कॉलेजांना भरतीसाठी माणशी कमिशन द्यायला १९९२च्या कायद्याने बंदी घातली, आणि त्याच कायद्याने देशाबाहेर राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांपुरता अपवादही ठेवला. म्हणजे घरच्या मुलाला आणायचे पैसे घ्यायचे नाहीत, बाहेरच्याला आणायचे घेतले तर चालतात. ऑस्ट्रेलियात निदान एवढं आहे की प्रत्येक विद्यापीठाला आपल्या एजंटांची यादी स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर करावी लागते. ती यादी आधी बघा. मी उशिरा बघितली.

विषय मीच शोधला. रोज रात्री जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडायचे. पंधरा दिवसांत हे स्पष्ट झालं की आपण जगातल्या मोजक्या दारांबद्दल बोलतोय. ब्रिटनमधल्या न्यूकॅसलच्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात कागदावरच्या कलाकृतींची शाखा आहे. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात ग्रंथ आणि कागद ही वेगळी शाखा आहे, पण दोन वर्षांच्या मास्टर्सनंतर हाताने काम करायला आणखी दोन वर्षांचं शिक्षण. डेलावेअर विद्यापीठ आणि विंटरथर संग्रहालय मिळून चालवतात तो अमेरिकेतला कोर्स १९७४पासून आहे, जागा हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. मेलबर्न विद्यापीठाच्या ग्रिमवेड केंद्रात दोन वर्षांचं मास्टर्स. माझं रसायनशास्त्र, वय आणि साठवलेले पैसे, तिन्ही बसत होते ते मेलबर्नला. त्यांच्या एजंटांची यादी उघडली, तर तिच्यात हेच ऑफिस! करार होता, विद्यापीठ होतं, कोर्सही होता. फक्त वाघ शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला तो दिसत नव्हता.

मग मी परत त्यांच्याकडेच का गेले? आळस आणि भीती, अर्धी-अर्धी. कागदपत्रं कुणीतरी तपासून द्यावीत असं वाटत होतं आणि यादीत त्यांचं नाव बघून धीर आला. आता कुणी विचारलं तर सांगेन की विभागाला आधी थेट इमेल करा. मी केलेल्या चार इमेलांपैकी तिघांची सविस्तर उत्तरं आली. आणि फुकट, कमिशनशिवाय सल्ला हवा असेल तर त्या-त्या देशांच्या संस्था आहेत: अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं एज्युकेशनयूएसए, जर्मनीचं डाड, फ्रान्सचं कँपस फ्रान्स. तिथे गोड बोलणं कमी मिळतं आणि माहिती जास्त.

आता सोफा.

वेटिंग हॉलमध्ये जगाच्या नकाशाखाली एक लांब, मऊ सोफा होता. जानेवारी ते जुलै या काळात मी त्यावर एकूण किती तास काढले देव जाणे. ‘सर पाच मिनिटांत येतायत’ म्हणजे तिथे पाऊण तास. पण लोक परदेशी शिकायला का जातात हे मला त्या ऑफिसात कुठे कळलं असेल तर त्या सोफ्यावर. आत केबिनमध्ये सगळ्यांचं कारण एकच असायचं: ग्लोबल एक्स्पोजर. बाहेर सोफ्यावर प्रत्येकाचं वेगळं.

कॉम्प्युटरची एक मुलगी अमेरिकेला जाणार होती. तिचा हिशेब तोंडपाठ होता: डिग्रीनंतर ओपीटीचे, म्हणजे तिथे काम करायच्या परवानगीचे १२ महिने, कोर्स विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत असेल तर वर २४, एकूण ३६. तेवढ्या काळात कर्ज फिटलं तर ठीक, नाही फिटलं तर काय, याचा तक्ताही तिच्याकडे होता. काउन्सेलरला तिने दोनदा दुरुस्त केलेलं मी काचेतून पाहिलंय. तिला परदेश हवा होता असं नाही, तिला ते ३६ महिने हवे होते आणि शिक्षण हे त्यांचं दार होतं. यात लपवण्यासारखं काय आहे मला कळत नाही, पण तिच्या स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये, म्हणजे अर्जासोबतच्या ‘का शिकायचंय’च्या निवेदनात, लहानपणापासूनची यंत्रांची ओढ आली होती.

एक मुलगा जर्मनीसाठी यायचा. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क नाही, एवढ्याच जोरावर त्याने घरच्यांना पटवलं होतं. मग अभ्यास करता करता त्याला एकेक फाटा सापडत गेला. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना २०१७पासून सेमिस्टरला १५०० युरो पडतात. फी नसली तरी वर्षभराच्या राहण्याखाण्याचे पैसे खात्यात अडकवून दाखवावे लागतात. शिकवणं इंग्रजीत असलं तरी नोकरी जर्मनमध्ये शोधावी लागते. तो सोफ्यावर बसून जर्मन क्रियापदं घोकायचा. ऑफिस त्याच्यात फार रस घेत नव्हतं, आणि का घेत नव्हतं हे आता वाचणाऱ्याला सांगायला नको. जिथे फी नाही तिथे फीतला हिस्साही नाही.

एक दातांची डॉक्टर होती. पुढच्या शिक्षणाच्या जागा थोड्या, दोनदा हुकल्या, तिसऱ्यांदा तीच परीक्षा द्यायची ताकद उरली नव्हती. एक नवरा-बायको ब्रिटनच्या एक वर्षाच्या मास्टर्सची चौकशी करत होते आणि त्यांना त्याच दिवशी कळलं की शिकवण्यावर आधारित मास्टर्स करणाऱ्याला २०२४च्या जानेवारीपासून जोडीदाराला सोबत नेता येत नाही. दोघं बराच वेळ नकाशाकडे बघत बसले. मेकॅनिकलच्या एका पोराने तर सरळ सांगितलं, ‘ताई, माझे तिघं मित्र गेले. मीच राहिलोय.’ तो आमच्याशी बोलताना मधूनमधून फोन काढून तिकडे आता किती वाजले असतील ते बघायचा.

आणि एक अगदी शांत मुलगी. विषय अर्थशास्त्र, गुण उत्तम, घरची परिस्थिती बरी. तिला मी विचारलं, का जातेस? तिने आधी ठरलेलं उत्तर दिलं. मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, ‘मी कशी आहे ते घरात सगळ्यांना पाठ आहे. मला जरा कुठेतरी अनोळखी व्हायचंय.’

युनेस्कोच्या मोजणीत दुसऱ्या देशात जाऊन शिकणारे विद्यार्थी २००० साली वीस लाखांच्या आसपास होते, २०२२ साली ६९ लाखांच्या आसपास. एवढ्या लोकांची कारणं कुणी खरीखरी लिहून काढली तर त्यात रँकिंग कितव्या नंबरावर येईल याची मला शंका आहे. आमच्या ऑफिसात मात्र भिंतीवर रँकिंगच होतं, फ्रेम करून.

मुख्य तक्रार आता लिहिते. काउन्सेलर मला पहिल्या भेटीपासून सांगत होता, ‘मॅडम, ऑस्ट्रेलियाचा प्लस पॉइंट म्हणजे शिक्षण झालं की दोन वर्षं वर्क व्हिसा.’ मला तिथे स्थायिक व्हायचं नव्हतं, पण शिकून झाल्यावर वर्ष-दोन वर्षं एखाद्या चांगल्या प्रयोगशाळेत हात बसवता आला असता तर हवंच होतं. मी घरी सगळी आखणी त्यावर केली. मे महिन्यात एका रात्री नियम स्वतः वाचायला बसले, तर कोर्सवर्क, म्हणजे शिकवण्यावर आधारित मास्टर्सवाल्यांसाठी त्या व्हिसाची वयोमर्यादा ५०वरून ३५वर येणार होती, १ जुलै २०२४पासून. तसं करणार असल्याचं ऑस्ट्रेलिया सरकारने २०२३च्या डिसेंबरमध्येच जाहीर केलं होतं, म्हणजे मी त्या ऑफिसची पायरी चढायच्या आधी. माझं वय त्यांच्या फॉर्मवर तिसऱ्या ओळीत होतं. पदवी हातात पडेपर्यंत मी ३९ची.

दुसऱ्या दिवशी जाऊन विचारलं. तो गोरामोरा झाला. ‘मॅडम, बहुतेक सगळे बावीस-तेवीसचे असतात हो. लक्षातच नाही आलं.’ हे खरं असणार. बावीस वर्षांच्या पोरासाठी शिवलेला सदरा ते येईल त्याला घालतात.

‘पार्ट टाइममधून फी सहज निघते’ हे दुसरं वाक्य. ते तर भिंतीवरच होतं. विद्यार्थ्याला तिथे वर्ग चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं, आणि त्या कमाईतून फार तर खोलीचं भाडं आणि राहण्याखाण्याचा काही भाग निघतो. आता मी स्वतः ते तास करते, म्हणून खात्रीने सांगते. असो.

आयइएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा क्लासही यांचाच. लिहिण्याचा आणि ऐकण्याचा सराव चांगला करून घेतात, वेळ लावून, तिथे नाव ठेवायला जागा नाही. बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि तिच्यासाठी मात्र उत्तरं पाठ करायला दिली. ‘तुमच्यावर प्रभाव टाकणारी व्यक्ती’ यावर सगळ्यांना एकच छापील परिच्छेद. आमच्या बॅचच्या अठरा जणांचे एकच आजोबा झाले होते.

मग आला व्हिसाचा फॉर्म, आणि त्याने मला जे विचारलं ते सहा महिन्यांत त्या ऑफिसात कुणी विचारलं नव्हतं. ऑस्ट्रेलियाने २३ मार्च २०२४पासून जुनं निवेदन बंद करून फॉर्ममध्येच नेमके प्रश्न टाकले. प्रत्येकाला उत्तर जास्तीत जास्त १५० शब्दांत. त्यातला एक असा: हाच कोर्स, याच देशात, याच संस्थेत का करायचाय?

काउन्सेलरने मला नमुना पाठवला. तो मार्चआधीच्या पद्धतीचा होता, चार पानी. त्यात बहुसांस्कृतिक समाज, जागतिक दर्जा, सुरक्षित वातावरण असं सगळं होतं आणि मधल्या रिकाम्या जागी आपापल्या कोर्सचं नाव टाकायचं होतं. मी तो बाजूला ठेवला आणि एका रविवारी कोरा कागद घेऊन बसले. १५० शब्द म्हणजे किती कमी असतात! विशेषणांना जागाच उरत नाही.

मी जे लिहिलं ते साधारण असं. २०१३ साली, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, एक जुनं पत्र घडीवर फाटलेलं माझ्या हाती आलं. मी त्याला पारदर्शक चिकटपट्टी लावली. सरळ, एकही बुडबुडा न ठेवता. वरिष्ठांनी कौतुक केलं. सहा वर्षांनी पाकीट उघडलं तर पट्टी पिवळी पडून सुटली होती आणि तिचा चीक कागदात मुरून चार ओळींवर तेलकट तपकिरी डाग पडला होता. ते पत्र सव्वाशे वर्षं नुसतं पडून होतं तेव्हा सुखात होतं. तो चीक काढता येतो, पण त्यासाठी कोणतं द्रावण, किती वेळ, आणि त्याने शाई हलेल का, हे पुस्तकात वाचून हाताला येत नाही. शेजारी उभं राहून कुणीतरी ‘थांब’ म्हणावं लागतं. असं ‘थांब’ म्हणणारी माणसं आणि चुका करायला दिलेले निरुपयोगी जुने कागद ज्या थोड्या ठिकाणी एकत्र आहेत, त्यातलं हे एक. म्हणून हाच कोर्स, इथेच.

त्यामागचा इतिहास १५० शब्दांत मावला नाही, तो इथे लिहिते. ४ नोव्हेंबर १९६६ला फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीला पूर आला आणि पाणी राष्ट्रीय ग्रंथालयात शिरलं. चिखलात बुडालेली पुस्तकं वाचवायला देशोदेशीचे बाइंडर आणि कागद दुरुस्त करणारे तिथे जमले आणि एकमेकांचे हात बघत शिकले. आज या विषयात जे शिकवतात त्यातलं बरंच त्या चिखलातून वर आलंय. ही विद्या माणसाकडून माणसाकडे जाते, म्हणून ती मोजक्या ठिकाणी साचलेली आहे, आणि म्हणून तिच्यामागे घर सोडून जावं लागतं. माझं कारण एवढंच होतं. मी ते सोफ्यावर कुणाला सांगितलं की लोक जरा हिरमुसायचे. त्यांना काहीतरी मोठं अपेक्षित असायचं.

काउन्सेलरने उत्तर वाचून भुवया वर केल्या. ‘मॅडम, टेपचं कशाला सांगता? निगेटिव्ह जातं.’

आणि इथे कागदपत्रांच्या टेबलावरच्या बाई पहिल्यांदा बोलल्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीला, त्यांच्यासमोर कायम फायलींची चळत. पदवीच्या प्रमाणपत्रावर आणि पासपोर्टवर माझ्या नावाचं स्पेलिंग एका अक्षराने वेगळं आहे, हे अकरा वर्षं नोकरीत कुणाला दिसलं नव्हतं, ते त्यांनी पहिल्या दिवशी दाखवलं होतं आणि प्रतिज्ञापत्र करून घ्यायला लावलं होतं. बँकेच्या पत्रावरची तारीख जुनी होतेय हेही त्यांनीच सांगितलं. त्या ऑफिसात प्रत्येक कागद खरोखर वाचणाऱ्या त्या एकट्या. त्यांनी माझं उत्तर हातात घेतलं, सावकाश वाचलं आणि म्हणाल्या, ‘ताई, टेपचं ठेवा हो. दिवसाला पंधरा वाचते मी. हे एक लक्षात राहील.’

ठेवलं. १४७ शब्द झाले.

फाइल २४ जूनला पूर्ण होती. पण त्या आठवड्यात सगळं ऑफिस एज्युकेशन फेअरमध्ये. फेअरलाही मी गेले होते: कापडी पिशव्या, पेनं, प्रत्येक स्टॉलवर तेच हसू. ‘निवांत मॅडम, तुमचं फेब्रुवारीचं आहे’ असं म्हणत फाइल दाखल झाली ३ जुलैला. विद्यार्थी व्हिसाची फी १ जुलैला ७१० ऑस्ट्रेलियन डॉलरवरून १६०० झाली. वाढ त्याच दिवशी जाहीर झाली, तेव्हा ती आधी कळायला हवी होती असं मी म्हणणार नाही. पण तयार फाइल नऊ दिवस टेबलावर का पडून राहिली, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. फरकाचे ८९० डॉलर माझे गेले. ऑफिसने भरपाई म्हणून एक कापडी पिशवी दिली, म्हणजे फेअरमधली उरलेली.

आता माझं दुसरं वर्ष चालू आहे. गेल्या महिन्यात हाताखाली एक जुनं पान होतं, मायफळ, हिराकस आणि डिंक घालून केलेल्या शाईचं. ही शाई आम्ल असते आणि तिच्यातलं लोह वर्षानुवर्षं कागद पोखरत राहतं, शेवटी अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचं भोक उरतं. अशा पानाला पाणी लावायची भीती असते, कारण पाण्याबरोबर सुटं लोह आसपास पसरतं. म्हणून आधी चाचणीच्या कागदाची पट्टी किंचित ओली करून शाईवर टेकवायची. सुटं लोह असेल तर ती गुलाबी होते. माझी लगेच झाली. मग जिलेटिनचा हात देऊन वाळवलेला जपानी कोझो कागद घ्यायचा, इतका पातळ की खाली धरलेला अंगठा दिसतो. त्याची पट्टी कात्रीने कापायची नाही. ब्रशने पाण्याची रेघ ओढायची आणि त्या रेघेवर हलकेच ओढून तोडायची, म्हणजे कडेला तंतू मोकळे राहतात आणि तेच मूळ कागदाला धरतात. नेहमीची गव्हाच्या सत्त्वाची खळ इथे नको, तिच्यात पाणी जास्त. पट्टी ओलसर स्पंजावर टेकवायची, उचलायची, ठेवायची. टेकवणं आणि उचलणं यांत किती वेळ जाऊ द्यायचा ते कुठल्याच पुस्तकात नाही. मी उचलायला उशीर करत होते तेव्हा मागून आवाज आला, ‘थांब.’ पट्टी टाकून दिली, दुसरी घेतली. चौथी बसली.

तर ऑफिसकडे जायचं की नाही? विषय, विद्यापीठ आणि नियम यांचा अभ्यास स्वतः केला असेल आणि फक्त फायली नीट लावून हव्या असतील तर जरूर जा, आणि थेट कागदपत्रांच्या टेबलाशी जाऊन बसा. बावीस वर्षांचे असाल, विषय कॉम्प्युटर असेल, तर केबिनमध्येही फार नुकसान होणार नाही. वय, विषय किंवा परिस्थिती यातलं काहीही जरा वेगळं असेल तर केबिनमध्ये ऐकलेलं प्रत्येक वाक्य घरी येऊन त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर तपासा, तारखेसकट. सोफ्यावर मात्र वेळ काढा, आणि शेजारच्याला विचारा.

व्हिसा आला त्या दिवशी त्यांनी माझ्या हातात पाटी देऊन फोटो काढला होता. पाटीवर फक्त झेंडा आणि अभिनंदन होतं, म्हणून मी हसून उभी राहिले. मागून आलेल्या एकीने परवा सांगितलं की तो फोटो अजून त्यांच्या भिंतीवर आहे, मोठा करून लावलेला. खाली माझ्या कोर्सचं नावही छापलंय: वन्यजीव संवर्धन.